चावी कोणाकडे

इंदूआत्या लाल पेन्सिलीला ब्लेडने टोक काढायच्या तेव्हा शिसं बरोबर एक सेंटिमीटर बाहेर ठेवायच्या. ते झिजून निम्मं झालं की मजकूर कितीही रंगात आलेला असो, त्या थांबायच्या आणि पुन्हा टोक काढायच्या. त्या शनिवारी दुपारी मात्र शिसं लाकडाला टेकलं तरी त्या एकच शब्द खोडत बसल्या होत्या.

"कागद फाटेल, आत्या."

"फाटू दे. वाच, काय छापलंय ते."

मी वाचलं. "'त्यानंतर अनेक नगरांत जुलमी राजांचा अंमल सुरू झाला. हे राजे क्रूर असून प्रजा त्यांना भीत असे.'"

"हे मी लिहिलेलं नाही."

मी मांडीवरचं हस्तलिखित चाळलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. तिथे लिहिलं होतं की काही नगरांत एकेका माणसाने सत्ता आपल्या हाती घेतली. वारशाने नव्हे, नेमणुकीने नव्हे. आणि पुष्कळ लोकांना ते आवडलं.

"संपादकाला रुचलं नाही," आत्या म्हणाल्या. "विशीतला पोरगा असणार. त्याच्या हिशोबी सत्ता बळकावणारा म्हणजे मिशा आणि चाबूक. पुढे काही क्रूर झालेही. पण सुरुवात तशी नव्हती."

"पण लोकांना आवडायचं कारण काय?"

"पाणी."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत.

"खरंच. कित्येक नगरांतले पहिले चांगले नळ अशाच माणसांनी बांधले. डोंगर फोडून पाणी आणलं. त्याआधी चार मोठी घराणी आपसांत भांडायची आणि बाकीचे रिकामी भांडी घेऊन उभे. मग हा एक आला आणि त्याने सगळ्यांना पाणी दिलं. बाबा रे, तुला नेमलं कोणी, हे मग कोण कशाला विचारतंय?"

बोलताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या पुढची चूक शोधताहेत, अशी माझी समजूत झाली.

या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. सातारा जिल्ह्यातल्या एका पठारावर भूकंपमापनाचं छोटं केंद्र होतं, आणि तिथे येणाऱ्या आलेखांचं वाचन करणं ही माझी नोकरी होती. इंदूआत्या माझ्या नवऱ्याची आत्या. मिरजेच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे राहायला आल्या. ग्रीक नगरराज्यांवर नववीच्या मुलांसाठी त्यांनी एक पूरक पुस्तक लिहिलं होतं. त्याची मुद्रितं आम्ही दोघी मिळून तपासत होतो. नवरा प्रशिक्षणासाठी हैदराबादला गेला होता, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. आणि दाराच्या मागे उभी असलेली ती चावी.

चावी म्हणजे साडेतीन फुटांची लोखंडी पहार, वर आडवी मूठ. पठारावर अकरा घरं होती. झऱ्याचं पाणी एका टाकीत साठायचं आणि टाकीखालच्या चेंबरमधून तीन लायनी निघायच्या: वरची, मधली, खालची. कोणत्या लायनीला किती वेळ पाणी, हे चावी ज्याच्या हातात तो ठरवायचा. पुष्कळ वर्षं ती केंद्रप्रमुख कर्णिक साहेबांकडे होती. त्यांचं घर वरच्या लायनीत होतं आणि त्यांच्या अंगणात गुलाब होते. तक्रारी फार वाढल्या तेव्हा वरच्या लायनीतल्या तिघा अधिकाऱ्यांनी चावी आपसांत वाटून घेतली, आणि तिघांच्या अंगणात गुलाब झाले.

आत्या आल्या त्या उन्हाळ्यात खालच्या लायनीतल्या बायका घागरी घेऊन ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या होत्या. त्यानंतरच्या बैठकीत आत्या, पाहुण्या असूनही, बोलल्या. अथेन्समध्ये बरीचशी कामं माणसं निवडून देऊन होत नसत, असं त्यांनी सांगितलं. निवडून द्यायचं म्हटलं की नाव असलेला, घराणं असलेला, गोड बोलणारा निवडून येतो, असा तिथल्या लोकांचा अनुभव. म्हणून ते पावटे काढत. पांढरा ज्याच्या हाती येईल तो वर्षभर कारभारी, आणि वर्ष संपल्यावर लोकांपुढे उभं राहून त्याने जाब द्यायचा. कर्णिक साहेब हसले आणि गंमत म्हणून हो म्हणाले. पितळी तांब्यात काळ्या घेवड्याचे दाणे आणि एक पांढरा पावटा टाकायचं ठरलं. हाताला फरक कळू नये म्हणून दाणे मी एकाच आकाराचे निवडून दिले. महिन्याला एक घर. ज्याची पाळी झाली ते घर पुढच्या वेळी तांब्यात हात घालणार नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर तीन घरांनी पाणी सोडलं. कोणी वेळ विसरलं, कोणी चावी चेंबरमध्ये पाडली. लोक हसले, शिव्याही दिल्या, पण पुढच्या पहिल्या तारखेची वाट पाहू लागले. नोव्हेंबरात पांढरा पावटा माझ्या हाताला लागला.

मी बादली आणि स्टॉपवॉच घेऊन अकराही घरांच्या नळांवर फिरले. उतार, अंतर, घरातली माणसं यांचं कोष्टक केलं. वरच्या लायनीला सतरा मिनिटं, मधलीला तेवीस, खालच्या लायनीला चौतीस. खालच्या लायनीत अगदी शेवटी दगडू शेडगे नावाच्या शिपायाचं घर होतं. तिथे त्या महिन्यात पहिल्यांदा नळाखाली बादली भरली. महिन्याअखेरच्या बैठकीत कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, आता कशाला पावटे, देवस्थळीबाईंकडेच राहू द्या की. डिसेंबरात तेच झालं. जानेवारीत कोणी विषयही काढला नाही, आणि तांब्या परत स्वयंपाकघरात गेला.

"तुमच्या कॉलनीने," आत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "ग्रीसचा दोनशे वर्षांचा इतिहास दोन वर्षांत उरकला."

मी ते कौतुक म्हणून घेतलं होतं.

त्या शनिवारी साडेपाचला मी पाणी सोडायला गेले तेव्हा चेंबरच्या कठड्यावर दगडूची बायको, शेवंताबाई, बसली होती. मला पाहून उठली.

"बाई, उद्या मिटिंग हाय न्हवं?"

"आहे, दहा वाजता."

"मंग मार्चची चावी?"

"कर्णिक साहेबांचं म्हणणं आहे, जूनपर्यंत माझ्याकडेच ठेवावी. झरा आटायला लागलाय."

तिने मान हलवली. मी वरच्या लायनीच्या व्हॉल्व्हवर चावी बसवली.

"आमची पाळी ऱ्हायली," ती म्हणाली.

"सात घरांची राहिली आहे, शेवंताबाई."

"बाकीची सा घरं हितंच हाईत. आमी चाललो."

ते मला ठाऊक होतं. दगडू एकतीस मार्चला निवृत्त होणार होता आणि दुसऱ्या दिवशी दोघं दरीपलीकडच्या त्यांच्या गावी जाणार होती. ठाऊक होतं, पण पाळीशी मी ते जोडलं नव्हतं.

"पाणी कमी येतं का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"न्हाई वो. खोटं कशाला बोलू? तुमच्यावानी पाणी कुणीच दिलं न्हाई."

"मग?"

"मग काय. पाणी घितलंच की चौदा वरसं. येकदा सोडून बगायचं हुतं."

मी घड्याळ पाहिलं. मिनिटं मोजत असताना मला बोलणं जमत नाही, हे तिला माहीत होतं. ती थांबली. सतरा मिनिटांनी मी व्हॉल्व्ह बंद केला आणि चावी मधल्या लायनीवर नेली.

"आता उन्हाळ्यात एक चूक झाली तरी टाकी रिकामी होते," मी म्हटलं. "पुन्हा भरायला दोन दिवस लागतात."

"हुईल की चूक. कर्णिक सायबाच्या हातनं दोनदा झाली. त्यांच्या गुलाबांस्नी कुणी काय बोललं?" ती हसली. मग तिचं हसू गेलं. "आमच्या मानसाला मातुर बोलले. जानेवारीत. टाकी धुतली आन् खालचं बूच ढिलं ठिवलं म्हनं. बाई, अठ्ठावीस वरसं नोकरी झाली त्येंची. जाताना काय नाव घिऊन जायाचं? टाकी सांडणारा?"

मी चावी मधल्या व्हॉल्व्हवर बसवली.

"चार लोकांम्होरं आमच्या हातात चावी दिली, तर त्ये नाव जाईल. येवढंच. मला काय बागबिग करायची न्हाई."

"उद्या बघू," मी म्हटलं.

"तुमी म्हनाल तसं."

ती गेली. खालच्या लायनीला मी चौतीस मिनिटं पाणी दिलं. एरवी मी एकदाच पाहते. त्या दिवशी व्हॉल्व्ह नीट बंद झाला आहे की नाही, ते मी तीनदा तपासून पाहिलं.

घरी आले तेव्हा आत्यांनी पुढचं पान काढून ठेवलं होतं. मी वाचायला घेतलं. "'अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ असे. मंडळाचा अध्यक्ष रोज बदलत असे. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत नगराची मुद्रा आणि देवळांतल्या खजिन्याच्या चाव्या त्याच्याकडे असत. हा मान एका माणसाला आयुष्यात एकदाच मिळे.'"

"बरोबर छापलंय. आश्चर्य आहे."

"एका दिवसात तो काय काम करणार?"

"फारसं नाही."

"मग उपयोग काय?"

आत्यांनी चष्मा काढला. "समज, कुंभार आहे. दुसऱ्या दिवशी तो बाजारात मडकी मांडून बसेल. पण बसेल त्यात फरक असेल की नाही?"

"आणि त्याच्या हातून चूक झाली तर?"

"काम संपल्यावर जाब द्यायचा. तो दिल्याशिवाय कारभाऱ्याला गावाबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. कोणीही नागरिक उठून विचारू शकत असे."

"कोणीही?"

"नागरिक म्हटलं मी. बायका नाहीत, गुलाम नाहीत, परगावचे नाहीत. तू आणि मी तिथे विहिरीवर असतो. म्हणून मी त्यांची आरती करत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "तुझा जाब कोणी घेतला का गं, नोव्हेंबरनंतर?"

"काय विचारायचं होतं? सगळं व्यवस्थित चाललंय."

"असेल. ते कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना पाणी येतं, एवढं माहीत आहे. बाकीचं तुझ्या वहीत. ती वही कोणी मागितली?"

"मागितली असती तर दिली असती."

"हो. तू दिली असतीस," आत्या म्हणाल्या, आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.

वहीत सगळं नव्हतं.

अठरा जानेवारीला सकाळी दगडूने टाकी धुतली, बूच लावलं आणि संध्याकाळपर्यंत टाकी बऱ्यापैकी भरली. त्या संध्याकाळी मी खालच्या लायनीचा व्हॉल्व्ह बंद करत असताना ऑफिसातून हाक आली. एका छोट्या धक्क्याची नोंद झाली होती आणि आलेख लगेच वाचायला हवा होता. मी धावत गेले. सकाळी सात वाजता टाकी कोरडी पडलेली आढळली. बूच ढिलं राहिलं असणार, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही. सगळ्यांना ते पटलं, कारण आदल्याच दिवशी टाकीला दगडूचा हात लागला होता. कर्णिक साहेबांनी त्याला व्हरांड्यात सर्वांसमोर सुनावलं. "बूच मी घट्ट लावलं हुतं, सायेब," एवढंच तो एकदा म्हणाला.

दुपारी मी एकटी चेंबरपाशी गेले. खालच्या लायनीच्या व्हॉल्व्हवर चावी बसवली, तर ती आणखी अर्धा फेरा फिरली. मग तो बंद झाला.

मी स्वतःला सांगितलं, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. रात्री कोणी व्हॉल्व्हला हात लावला असेल. बूच आणि व्हॉल्व्ह दोन्हीही सैल असतील. दोन कारणं संभवत असतील तर एकाची निवड करायला पुरावा लागतो, हे मला शिकवलेलं होतं आणि ते बरोबरच आहे. पण बूच गळलं असतं तर टाकीखालची माती ओली झाली असती. ती माती कोरडी होती. सकाळी सव्वासात वाजता मी तिच्यावर उभी होते. आणि खालच्या लायनीच्या टोकाला, जिथे बिनतोटीचा एक जुना नळ ओढ्याकडे तोंड करून होता, तिथे एरवीपेक्षा कितीतरी जास्त चिखल झाला होता. तोही मी पाहिला होता. यातलं काहीच मी वहीत लिहिलं नाही. एकोणीस तारखेपुढे मी टाकीची पातळी लिहिली, शून्य, आणि कारणाचा रकाना कोरा सोडला.

सांगायचं नाही असं मी कधी ठरवलं नव्हतं. आज नको, एवढंच रोज ठरवत होते.

रविवारी दहा वाजता ऑफिसच्या व्हरांड्यात सतरंज्या पसरल्या होत्या. अकरा घरांतलं निदान एकेक माणूस आलेलं होतं. आत्या भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या. पाहुण्या म्हणून त्यांना मत नव्हतं. दगडू आणि शेवंताबाई शेवटच्या पायरीवर होती. मी चावी बरोबर आणली होती, कारण बैठकीनंतर लगेच पाणी सोडायचं होतं. ती मी शेजारच्या खांबाला टेकवून ठेवली.

कर्णिक साहेबांनी थोडक्यात सांगितलं. झरा निम्म्यावर आला आहे. पावट्यांचा खेळ छान होता, पावसाळ्यात पुन्हा खेळू. तूर्त प्रयोग परवडणार नाहीत.

"आणि बाईंसारखं पाणी आजवर कोणी सोडलेलं नाही," ते म्हणाले. "मीसुद्धा नाही. हे मी कबूल करतो."

"गुलाबांना विचारा," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. साहेबही हसले.

"तर जूनअखेर चावी देवस्थळीबाईंकडे. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

मोजणं ही माझी सवय. माझं घर सोडून दहा घरं होती. पटापट सात हात वर झाले, मग आठवा, नववा. दहावा हात वर व्हायला थोडा वेळ लागला. तो शेवंताबाईचा होता. दगडूने तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, काही हरकत नाही, अशी. मला अडचणीत आणायचं नव्हतं तिला.

"एकमत," कर्णिक साहेब म्हणाले. "आभाराचे दोन शब्द बोला, बाई, आणि पाणी सोडा. चहाला आधण ठेवायचंय घरी."

मी उभी राहिले. आत्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या समोरच्या डोंगराकडे पाहत होत्या. एकोणीस जानेवारीपासून त्या दिवसापर्यंत एकोणचाळीस दिवस झाले होते. लोक थांबले होते. माझ्या तोंडून पहिला शब्द निघायला इतका वेळ लागला की साहेबांनी पुढे झुकून विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"एक दुरुस्ती आहे," मी म्हटलं.

"वेळापत्रकात?"

"नाही. जानेवारीत टाकी रिकामी झाली त्याबद्दल. दगडूंनी बूच घट्ट लावलं होतं. टाकीखालची माती कोरडी होती, मी स्वतः पाहिली. खालच्या लायनीचा व्हॉल्व्ह मी अर्धा फेरा उघडा सोडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच तो बंद केला. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. त्यांना इथे सगळ्यांसमोर बोलणी बसली, म्हणून मी इथे सांगते आहे. दगडू, माझं चुकलं."

दगडूने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिला. शेवंताबाईचा हात अजून निम्मा वरच होता. तो तिने हळूच खाली घेतला.

"अहो, असं होतं कधीकधी," कर्णिक साहेब म्हणाले. "माणूस आहे. तुमच्यावर आमचा विश्वास आहे, बाई. त्यामुळे ठराव बदलायचं काही कारण नाही. हो ना?"

दोघातिघांनी माना हलवल्या. त्या क्षणी खाली बसले असते तर कोणीही मला काही विचारलं नसतं. जाब न देण्याची ही सूट त्यांनी पुन्हा एकदा मला देऊ केली होती, अगदी मनापासून.

मी खांबाला टेकवलेली चावी उचलली आणि सतरंजीच्या मधोमध आडवी ठेवली.

"कारण आहे," मी म्हटलं. "चावी मी आजपासून ठेवणार नाही. सात घरांची पाळी राहिली आहे. मार्चमध्ये प्रत्येक घराला चार दिवस. पहिलं कोण, ते पावटे काढून ठरवा. मिनिटांचं कोष्टक मी इथे भिंतीवर लावते. ते पाळायचं की नाही, ते चावी ज्याच्या हातात असेल तो ठरवील."